देशाची ओळख, यशवंतपूरच्या यार्डातून

पहाटे साडेचारच्या सुमारास बंगळूरमधल्या यशवंतपूरच्या मार्केट यार्डात शिरलं की कांदा डोळ्यांच्या आधी नाकाला कळतो. पायाखाली टरफलांचा मऊ थर असतो. रात्रभर चालून आलेले ट्रक गाळ्यांकडे पाठ करून उभे असतात, आणि एखाद्याच्या नंबरप्लेटवर ‘एमएच १५’ दिसलं की माझी पावलं थांबतात. म्हणजे नाशिककडची गाडी. ड्रायव्हर हिंदीत भाव विचारतो. अडत्या फोनवर तेलुगूत बोलता बोलताच त्याला बोटांनी उत्तर देतो. पाठीवर गोणी घेणारा हमाल ‘ओंदु, एरडु, मूरु’ असं मोजत जातो. फुटलेल्या गोणीतून घरंगळलेले कांदे बायका वेचत असतात. त्यांचं आपसातलं बोलणं तमिळ असतं. माल कुणी पिकवला, कुणी वाहिला, कोण खाणार आणि भाव कुठे ठरला, या प्रश्नांची उत्तरं चार राज्यांत विखुरलेली असतात. ती सगळी एका गाळ्यासमोर येऊन उभी राहतात, तीही उजाडायच्या आत.

हे पुस्तक भारताची ओळख करून देण्यासाठी लिहिलं आहे: देशाची जमीन, इतिहास, माणसं आणि त्यांचे पोटापाण्याचे उद्योग. अशा पुस्तकांच्या सुरुवातीचा एक शिरस्ता आहे. आधी हिमालय, मग सिंधू संस्कृती, मग राजवंश, मग इंग्रज, आणि शेवटी पंचवार्षिक योजना. मी शाळेत याच क्रमाने शिकले आणि नोकरीची सगळी वर्षं याच क्रमाने शिकवत आले. तो क्रम चुकीचा नाही. पण त्याने मुलांना देश पाठ होतो आणि तरी परका राहतो, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं. माणसाची ओळख त्याच्या घरी गेल्याशिवाय होत नाही, तसं देशाचंही आहे. कुठल्या तरी एका उंबऱ्यातून आत जावं लागतं. माझा उंबरा यशवंतपूर. गेली पस्तीसहून जास्त वर्षं मी इथे राहते, आणि या पुस्तकातला प्रत्येक विषय मला आधी याच उपनगरात भेटला.

मराठी वाचकासाठी हा उंबरा निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. साताऱ्याच्या शाळेत आम्ही नकाशे भरायचो, तेव्हा निपाणीच्या खाली आमची पेन्सिल अडखळायची. हुबळी-धारवाड गाण्यामुळे माहीत, बेळगाव सीमाप्रश्नामुळे माहीत, आणि त्याच्या पुढे थेट कन्याकुमारी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेतून उरलेला सीमाप्रश्न खरा आहे; महाराष्ट्राने २००४ साली केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यामागे सीमाभागातल्या माणसांच्या भावना आहेत. मात्र कर्नाटकासारख्या एवढ्या मोठ्या शेजाऱ्याची सगळी ओळख एका वादातून व्हावी, ही आपली गैरसोय आहे. निपाणीच्या खालचा कोरा नकाशा भरून काढायचा, हा या पुस्तकाचा एक उघड हेतू आहे.

मी पहिल्यांदा इथे आले ती १९८७ सालच्या नोव्हेंबरात, लग्नानंतर. साताऱ्याहून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आणि मिरजेला गाडी बदलून मीटरगेज, असा तेव्हाचा प्रवास. त्या फलाटावर ट्रंका, वळकट्या, पाण्याचा फिरकीचा तांब्या, सगळं इकडून तिकडे न्यावं लागे. रात्रभर खिडकीबाहेर काळोख होता. तुमकूरच्या अलीकडे उजाडलं, आणि बाहेरची माती तांबडी झालेली होती. कृष्णाकाठच्या काळ्या रानाची सवय असलेल्या नजरेला ते खरंच वाटेना. त्या तांबड्या मातीत गुडघ्यापेक्षा थोडं उंच, कणसांची मूठ वळलेलं पीक उभं होतं. मी समोरच्या बाकावरच्या अज्जींना खुणेनं विचारलं. ‘रागी’, त्या म्हणाल्या. नाचणी! आमच्याकडे ती कोयनेच्या डोंगरउतारावर, वरकस जमिनीत पिकते. इथे सपाट रानांतून नजर पोचेल तिथवर तीच होती. थोड्या वेळाने गाडी यशवंतपूरला थांबली आणि मी उतरले.

त्या एका रात्रीत मी जे ओलांडलं ते पुढे अभ्यासाने कळलं. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा. बेळगाव-विजापूरच्या पट्ट्यात त्याची हद्द संपते. त्याच्या खाली दक्षिणेला उघडा पडतो तो कितीतरी जुना खडक, भूशास्त्रज्ञ ज्याला द्वीपकल्पीय नाईस म्हणतात. बंगळूरच्या लालबागेतला जो खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला आहे, त्याचं वय तीनशे कोटी वर्षांच्या घरात सांगतात. काळ्या दगडाची काळी माती, ती ओल धरून ठेवते, म्हणून रब्बीची ज्वारी आणि आपली भाकरी. जुन्या खडकाची तांबडी माती, पाणी पटकन सोडते, म्हणून रागी आणि तिच्या पिठाचा उकडलेला गोळा, इथली ‘मुद्दे’. ताटात काय पडतं हे आधी जमीन ठरवते. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी शिकवत असलेला भूगोलाचा अख्खा धडा मला नव्याने वाचावा लागला.

पाण्याचंही तसंच. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर वसलेल्या या शहराला मोठी नदी नाही. जुन्या लोकांनी उतारावरचं पाणी अडवून तळी केली. कन्नडमध्ये तळ्याला ‘केरे’ म्हणतात. आमच्या शेजारची वस्ती मत्तिकेरे, तिच्या नावातच तळं आहे. पुढे नळ आले आणि शहर पाण्यासाठी लांब लांब जात राहिलं. १८९४ साली अर्कावतीवरचं हेसरघट्टा, १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळी, १९७४ पासून कावेरी. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटर लांबून आणि जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून आणावं लागतं. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले, तेव्हा आमच्या गल्लीतही टँकरच्या वेळा बघून स्वयंपाक ठरत होता. त्याच कावेरीवर तमिळनाडूतलं भातही अवलंबून आहे, आणि त्यावरचा तंटा ब्रिटिश काळापासूनचा आहे. कृष्णेच्या पाण्यावर तीन राज्यांचं भांडण पाहिलेल्या मराठी वाचकाला हे निराळं समजावून सांगायला नको. या पुस्तकात नद्यांचं प्रकरण पर्वतांच्या आधी घेतलं आहे ते यासाठीच. आपला देश कुठे एकत्र येतो आणि कुठे ताणला जातो, हे नद्यांवरून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशावरून कळत नाही.

आता इतिहासाकडे. केम्पेगौडांनी १५३७ साली बंगळूरचा किल्ला आणि पेठ वसवली. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या मोहिमेत विजापूरकरांनी ती घेतली आणि शहाजीराजांना इथली जहागीर मिळाली. पुढचं पाव शतक त्यांचा मोठा दरबार इथे होता. जयराम पिंड्ये या कवीचं ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्या दरबारातलं, वि. का. राजवाडे यांनी ते १९२२ साली छापून काढलं. अनेक भाषांतले कवी एकाच दरबारात आपापल्या भाषेत रचना ऐकवताहेत, असं चित्र त्यात येतं. पहाटेच्या यार्डातला कोलाहल ऐकताना मला हे काव्य आठवतं, आणि बंगळूरचं बहुभाषिकपण माहिती तंत्रज्ञानाने आणलं असं कुणी म्हटलं की हेच काव्य मी पुढे करते. यशवंतपूरहून चालत गाठता येईल अशा मल्लेश्वरमात काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी या देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख तिथला. शहाजीराजे १६६४ साली होदिगेरे इथे घोड्यावरून पडून गेले. त्यांची समाधी तिथेच, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे. पुढे व्यंकोजी तंजावरला गेले, १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतलं आणि तीन लाख रुपयांच्या व्यवहारात ते मैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे आलं.

शहाजीराजांचा हा भाग मराठी वाचक आवडीने वाचेल, आणि वाचावाही. पण त्याच पानावर मी आणखी एक नोंद ठेवली आहे. १७९१ साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि मठाला मदत पाठवली ती टिपूने. त्याची मठाला लिहिलेली पत्रं पुढे विसाव्या शतकात उजेडात आली. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांना हा प्रसंग माहीत असतो आणि आपल्याकडच्या पुष्कळांना नसतो. देवळाला गाव देणारे आपले आणि मठ लुटणारे कोणी दुसरेच, असा सोयीचा हिशेब मांडून देशाचा इतिहास लिहिता येत नाही. मी तो मांडलेला नाही.

यशवंतपूरला आज जे रूप आहे ते रेल्वेमुळे, आणि रेल्वे आली ती एका भयंकर दुष्काळाच्या पाठोपाठ. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मैसूर होरपळून निघाले. १८७१ साली मैसूर संस्थानची लोकसंख्या पन्नास लाखांवर होती. १८८१ च्या शिरगणतीत ती बेचाळीस लाखांच्याही आत आली. त्याच दुष्काळात पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावचे अहवाल गोळा करून सरकारपुढे मांडत होती. धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात वेळेवर नेता आलं पाहिजे, हा धडा दुष्काळ आयोगाने घेतला आणि दक्षिणेत लोहमार्गांना वेग आला. १८८४ साली बंगळूर-तुमकूर मीटरगेज सुरू झाली. संस्थानातल्या गाड्या पुढे ज्या कंपनीने चालवल्या तिचं नाव सदर्न मराठा रेल्वे, आणि तिचं मुख्य ठाणं धारवाडला होतं. गुंतकलकडे जाणारा फाटा यशवंतपूरला फुटला आणि हे गाव जंक्शन झालं. मी नववधू म्हणून ज्या रुळांवरून आले ते दुष्काळाच्या हिशेबातून टाकलेले होते, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून मालगाडीतून उतरणाऱ्या धान्याच्या पोत्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

आज याच स्थानकाच्या फलकांवर गोरखपूर, बारमेर, लातूर अशी नावं लागतात. लातूरची गाडी बिदर-उदगीरवरून जाते. तिच्या डब्यात मराठवाड्याची मराठी, बिदरची कन्नड आणि दखनी उर्दू एकाच बाकावर असतात, आणि उदगीरची माणसं तिन्ही बोलतात. पंढरपूरलाही इथून आठवड्याला एक गाडी सुरू झाली. तिला निरोप द्यायला मी एकदा गेले होते. टाळ हातात, कपाळाला बुक्का, आणि मुखी पुरंदरदासांची पदं. भजन सगळं कन्नड. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं आहे हे आपण कौतुकाने सांगतो, पण त्या शब्दाचा अर्थ मला त्या फलाटावर उलगडला. ही माणसं आपल्या दैवताच्या दर्शनाला परराज्यात निघालेली नव्हती. ती आपल्याच देवाच्या गावी निघाली होती.

माणसांच्या प्रकरणाला मी सर्वांत जास्त पानं दिली आहेत. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १२१ कोटी होती आणि मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८.३ कोटी. त्याच जनगणनेत बंगळूर नगर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा सांगणारे निम्म्याहून कमी भरले; तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारे प्रत्येकी लाखोंनी. या आकड्याचे दोन्ही अर्थ लक्षात घ्यायला हवेत. शहराने सगळ्यांना सामावून घेतलं, हा एक. आपल्याच राजधानीत आपली भाषा मागे पडेल ही कन्नड माणसाची चिंता, हा दुसरा. मुंबईतल्या मराठी माणसाला ती चिंता समजणार नाही तर कुणाला समजणार? इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी सांगते की आधी कन्नड शिका. ‘ऊट आयता?’, म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारता आलं तरी शेजारचं दार उघडतं. मला ते पहिल्या आठवड्यात समोरच्या घरातल्या अक्कांनी शिकवलं आणि उत्तराची वाट न बघता हातात सारू-भाताचा डबा ठेवला.

इथले जुने मराठी लोक मात्र नोकरीसाठी अलीकडे आलेल्या आमच्यासारखे नाहीत. पेठेतले भावसार क्षत्रिय रंगारी आणि शिंपी, त्यांनी बांधलेली पांडुरंगाची देवळं, पिढ्यान् पिढ्या इथल्या झालेल्या मराठ्यांची आणि देशस्थांची घरं. त्यांच्या मराठीत कन्नडचे हेल आहेत. पुण्याच्या माणसाला ती कदाचित अशुद्ध वाटेल. मला ती फार मोलाची वाटते, कारण शाळा आणि वर्तमानपत्रं यांचा आधार नसताना केवळ स्वयंपाकघरांनी ती टिकवली. याच शहरात १९५० साली मराठी बोलणाऱ्या घरात शिवाजीराव गायकवाड जन्मले, सिटी बसवर कंडक्टर झाले, आणि रजनीकांत म्हणून तमिळनाडूचे झाले. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कन्नडमधले थोर कवी झाले. त्यांना ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेसाठी. भाषेच्या रेषा नकाशावर आखता येतात. घरातून त्या अशाच वाकड्यातिकड्या जातात.

अर्थव्यवस्थेचं प्रकरण लिहिताना मला ग्रंथालयापेक्षा पायांचा उपयोग जास्त झाला. यशवंतपूर मेट्रो स्थानकाच्या लगतच्या स्थानकाचं नावच ‘सँडल सोप फॅक्टरी’. मैसूरचं चंदन तेल काढण्यासाठी जर्मनीला जात असे; १९१४ च्या महायुद्धाने ती वाट बंद झाली. संस्थानात चंदनाचे ढीग पडून राहिले. तेव्हा महाराज नाल्वडी कृष्णराज वडेयर आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात १९१६ साली तेल इथेच काढायला सुरुवात झाली आणि त्यातूनच मैसूर सँडल साबण आला. आमच्या साताऱ्याच्या घरी दिवाळीला मोती साबण आणि पाहुण्यांसाठी ठेवणीतला मैसूर सँडल, अशी रीत होती. हे विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी शिकले ते पुण्याला, आणि खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवून मग इकडे आले. पुण्यात वापरून पाहिलेलं ज्ञान मैसूरला उपयोगी पडलं.

भांडवलाचा प्रवासही त्याच दिशेने झाला. जमशेटजी टाटांनी विज्ञान संस्थेसाठी मुंबईतली आपली मालमत्ता देऊ केली, मैसूर संस्थानने ३७१ एकर जमीन दिली, आणि जमशेटजींच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९०९ साली, भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. यशवंतपूर सर्कलपासून तिची हद्द दिसते. जुने रिक्षावाले अजून तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतात. १९१० साली किर्लोस्करवाडी उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पुत्र रवी यांनी १९४६ साली बंगळुरात विजेच्या मोटरींचा कारखाना काढला. तो राजाजीनगर-मल्लेश्वरमच्या सीमेवर होता. त्या जागेवर आता मॉल, हॉटेल आणि काचेच्या इमारती आहेत. कारखान्याच्या जागी सेवाक्षेत्र येणं हे गेल्या चाळीस वर्षांच्या भारतीय अर्थव्यवस्थेचं मोठं वळण. ते कुणाला दाखवायचं असेल तर मी आलेख काढत नाही, त्या फाटकासमोर घेऊन जाते.

उत्तरेला जालहळ्ळी. तिथे १९५३ साली एचएमटी आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स सुरू झाली. एचएमटीने १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं केली. माझ्या वडिलांच्या मनगटावरचं, रोज सकाळी किल्ली द्यावी लागणारं घड्याळ याच जालहळ्ळीचं होतं हे मला इथे आल्यावर समजलं. भारत इलेक्ट्रॉनिक्सची मतदान यंत्रं आज देशभर वापरतात, आणि मतदाराच्या बोटाला लागणारी शाई १९६२ पासून मैसूरच्या कारखान्यातून येते. तुमकूर रस्त्याने थोडं पुढे पीण्या औद्योगिक वसाहत. तिथल्या साध्या पत्र्याच्या शेडमध्ये उ. रा. राव यांच्या नेतृत्वाखालच्या तरुणांनी ‘आर्यभट’ हा आपला पहिला उपग्रह जुळवला; १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोव्हिएत संघातून आकाशात गेला. आज त्याच वसाहतीत हजारो छोट्या कारखान्यांतून लेथ चालतात आणि तिथे राबणारे पुष्कळसे कामगार बिहार, ओडिशा आणि उत्तर कर्नाटकातून आलेले असतात.

इथे थांबून एका मुलीविषयी सांगायलाच हवं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमला भागवत यांनी विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन. मुलगी आहे या कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी बंगळूर गाठून समोरासमोर विचारणा केली, तेव्हा वर्षभर काम पाहून मग नियमित प्रवेशाचं ठरवू, अशा अटींवर त्यांना घेतलं. त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, अट पूर्ण केली, आणि त्यानंतर संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. १९३९ साली त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. पुढे त्या कमला सोहोनी झाल्या. त्यांनी नीरेतल्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीचं नाव आपल्या किती शाळांतल्या मुलींना माहीत आहे? संस्थेच्या झाडांखालच्या रस्त्यावरून मी संध्याकाळी फिरायला जाते तेव्हा एक बावीस वर्षांची मुलगी या फाटकातून आत शिरताना डोळ्यांपुढे येते. देशाच्या ओळखीत तिचं पान धरणांच्या आणि पोलाद कारखान्यांच्या शेजारीच असायला हवं, म्हणून मी ते तिथेच ठेवलं आहे.

एवढं सगळं असूनही या पुस्तकाचा पाया शेतीचा आहे, आणि तो मी मुद्दाम तसा ठेवला. देशातले जवळजवळ ४५ टक्के कामकरी अजून शेतीत आहेत, आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. या दोन आकड्यांमधल्या अंतरात खेड्यातली बहुतेक दुःखं मावतात. यार्डात ते अंतर रोज दिसतं. खरिपात चित्रदुर्ग आणि गदगकडचा कांदा पावसात सापडला की यशवंतपूरला नाशिक-नगरच्या चाळीतला उन्हाळ कांदा लागतो, आणि तिथल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. मग शहरांत भाव चढला म्हणून दिल्लीत निर्णय होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उघडली. त्या हिवाळ्यात एमएच १५ च्या एका ड्रायव्हरने मला ट्रकमागे बसून सांगितलं, ‘ताई, भाडं माझं सुटतं, मालकाचं बी-बियाणं सुटत नाही.’ अर्थशास्त्राच्या प्रकरणात मी पुष्कळ तक्ते दिले आहेत, पण ते सगळे लिहिताना हे वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होतं. कांद्याचा भाव चढला म्हणून निर्यात रोखणारं सरकार भाव पडल्यावर तेवढ्याच तातडीने धावून येत नाही, हे माझं मत आहे आणि ते मी पुस्तकात कुठेही लपवलेलं नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. पहिला भाग जमीन आणि पाण्याचा, दुसरा माणसांचा आणि भाषांचा, तिसरा इतिहासाचा, चौथा कामधंद्याचा. प्रत्येक प्रकरण एका गावापासून सुरू होतं आणि तिथून देशभर फिरतं. ईशान्य भारत आणि काश्मीर यांची प्रकरणं मी तिथल्या विद्यार्थ्यांकडून आणि शिक्षकांकडून वाचून घेतली, कारण त्या मुलखांविषयी बाहेरच्या माणसाने आत्मविश्वासाने लिहिण्याची चूक फार वेळा झाली आहे. गावांची नावं तिथले लोक म्हणतात तशी ठेवण्याचा प्रयत्न केला. बंगळूर हे मराठीत रुळलेलं रूप मात्र तसंच राहू दिलं. कन्नड मजकूर समजून घ्यायला ज्या शेजारणींनी आणि सहशिक्षिकांनी वर्षानुवर्षं मदत केली, त्यांच्या ऋणाचा उल्लेख केल्याशिवाय हे पान पुरं होणार नाही.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक उघडण्याआधी एकदा आपल्या गावच्या बाजार समितीत उजाडायच्या आत जाऊन या. कुठला माल कुठून आला, वाहणारा कोण, उतरवणारा कोण, कुठली भाषा कानावर पडते, हे एका कागदावर टिपा आणि तो कागद या पुस्तकात खूण म्हणून ठेवा. जिथे माझं लिहिणं तुमच्या नोंदीशी जुळणार नाही तिथे पानाच्या कडेला लिहून मला कळवा. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्ती तुमच्या गावाच्या नावाने येईल.

यशवंतपूर, बंगळूर
गुढीपाडवा